कुस्तीवीर खाशाबा जाधव

कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान; मुलाचे पहिले वस्तादही तेच. लाल मातीच्या हौद्यात जोर, बैठका व लढती करीत खाशाबा घडले. त्यांची चण लहान. परंतु प्रतिस्पर्ध्याची मान आवळून त्यास उलथून टाकणारा त्यांचा ढाक भल्याभल्यांस भारी पडे.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मात्र पायांखाली माती नव्हती, गादी होती. मातीत पाय रुततो; गादीवर तो आधार नाही. नियमही निराळे, कोणी चीत झाला नाही, तरी पंच हारजीत ठरवीत. रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने त्यांना गादीवरचे शिक्षण दिले. अंगी मुरलेली सवय मोडणे नवी सवय लावण्याहून कठीण. तरीही खाशाबांनी सहावा क्रमांक मिळवला.

पुढे हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. जपानच्या इशीशी झुंजल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. नियमाप्रमाणे मिळणारी विश्रांती मागण्यास एकही भारतीय अधिकारी तेथे नव्हता, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

परतल्यावर त्यांनी कुस्त्या लढवून प्राचार्यांचे घर सोडवले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात शिरले व तेथे कुस्तीचे शिक्षणही देत. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले.