गंगाराम तांबट: पेशवाईतला चित्रकार आणि खोक्याचं पर्स्पेक्टिव्ह

मोबाईलवर ड्रॉइंग ॲप उघडून बोटाने एखादं खोकं काढून बघितलंय का? समोरचा चौकोन जमतो, पण बाजू भलतीकडे जातात आणि खोकं चपटं दिसतं. सपाट कागदावर खोली कशी आणायची, हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मराठी माणसानेही हाताळला होता. त्यांचं नाव गंगाराम चिंतामण तांबट.

कोण होते गंगाराम?

आडनावावरूनच कळतं, घराणं तांब्याची भांडी घडवणाऱ्यांचं. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात चार्ल्स मालेट हा इंग्रजांचा वकील पुण्यात राहत होता. गंगाराम त्याच्यासाठी चित्रं काढू लागले. १७९० मध्ये त्यांनी पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, ते चित्र आजही आहे.

१७९१ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत आला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात पोहोचला. पेशव्यांच्या आश्रयाने पुण्यात चित्रशाळा सुरू झाली, तिथे पाश्चात्त्य पद्धतीचं चित्रकाम शिकवलं जाई. गंगाराम तिथले सगळ्यात गाजलेले विद्यार्थी.

आपल्याकडच्या जुन्या चित्रांत लांबची वस्तू बहुतेक वेळा वरच्या बाजूला दाखवत. नव्या पद्धतीत बघणारा एका जागी उभा असतो आणि लांब जाणाऱ्या समांतर रेषा एका बिंदूकडे जातात. हात तयार असलेल्या माणसाला नजर बदलावी लागली. ते सोपं नव्हतं.

वेरूळची लेणी

मग गंगाराम वेरूळला गेले आणि लेण्यांची चित्रं काढली. तिथलं १२ नंबरचं 'तीन ताल' लेणं बघा. चौकोनी खांबांच्या रांगाच रांगा, म्हणजे उभी खोकीच! असं लेणं कागदावर आणायचं तर पर्स्पेक्टिव्ह यायलाच हवं.

१७९५ मध्ये मात्र सगळं मोडलं. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव गेले, नोव्हेंबरमध्ये वेल्स. चित्रशाळा पुढे टिकली नाही. १८०३ मध्ये लंडनमध्ये वेरूळच्या २४ दृश्यांचं मोठं पुस्तक निघालं. त्याच्या मुखपृष्ठावर नावं वेल्स आणि थॉमस डॅनियल यांची. गंगाराम यांचं नाव जगासमोर यायला फार काळ जावा लागला. त्यांची बरीच चित्रं आज अमेरिकेतल्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत. या संस्थेच्या वेबसाइटवर इंग्रजीत गंगाराम तांबट असं शोधलं, की ती मोबाईलवरही बघता येतात.

आता तुमची पाळी: पट्टी न वापरता खोकं

१. डोळ्यांच्या उंचीवर एक आडवी रेषा मारा. ही क्षितिजरेषा.

२. रेषेच्या दोन टोकांना एकेक बिंदू द्या. हे व्हॅनिशिंग पॉइंट. एकमेकांपासून जितके लांब, तितकं बरं; जवळ ठेवले तर खोकं ताणलेलं दिसतं.

३. रेषेच्या खाली एक छोटी उभी रेघ काढा. ही खोक्याची सगळ्यात जवळची कड.

४. त्या रेघेच्या वरच्या आणि खालच्या टोकापासून दोन्ही बिंदूंकडे हलक्या रेघा न्या.

५. दोन्ही बाजूंना एकेक उभी रेघ मारून खोकं किती रुंद ते ठरवा. मग त्या रेघांच्या वरच्या टोकांपासून समोरच्या बिंदूंकडे रेघा न्या. त्या जिथे छेदतात, तिथे झाकण पूर्ण होतं.

रोज दहा खोकी काढा. काही रेषेच्या वर, काही खाली. वरच्या खोक्याचा तळ दिसतो, खालच्याचं झाकण.

जमलं की नाही, हे मोबाईलच तपासून देईल. काढलेल्या खोक्याचा फोटो घ्या, एडिटमध्ये जाऊन कडा पुढे वाढवा. एका दिशेच्या रेघा एकाच बिंदूत मिळाल्या, तर खोकं बरोबर. नाही मिळाल्या, तर कुठली रेघ चुकली ते तिथेच दिसतं.

परतूरच्या वाचकांना तर धडा घराजवळच आहे. स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून जालन्याच्या दिशेला बघा. रूळ लांब जाऊन एकत्र आल्यासारखे दिसतात, तोच व्हॅनिशिंग पॉइंट. त्याच बाजूची गाडी पकडून छत्रपती संभाजीनगरला उतरलात, तर पुढे वेरूळ साधारण ३० किलोमीटर. वही घेऊन जा. गंगाराम जिथे बसले, तिथे तुम्हीही बसू शकता. आणि हो, चित्राखाली स्वतःचं नाव लिहायला विसरू नका.