घरचं वातावरण आणि ताराबाईंची अंगणवाडी



आपण शिक्षक एकत्र बसलो की एक वाक्य हमखास निघतं. त्या मुलाच्या घरचं वातावरणच तसं आहे, आपण तरी काय करणार? मीसुद्धा हे कितीतरी वेळा बोलले आहे. आज ज्यांच्याविषयी लिहिते आहे, त्यांनी हेच वाक्य घेतलं आणि त्याचा अर्थच बदलून टाकला. त्या म्हणजे पद्मभूषण ताराबाई मोडक. डी.एड.ला असताना आपण सगळ्यांनी त्यांच्यावर टीप लिहिली आहे. पाच गुण मिळाले आणि विसरलो, असंच बहुतेकांचं झालं असेल. म्हणून ही थोडी सविस्तर ओळख.

ताराबाईंचं घर

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई दोघंही प्रार्थना समाजाच्या विचारांचे. उमाबाईंचा हा पुनर्विवाह होता. त्या काळात विधवेने पुन्हा लग्न करणं म्हणजे नातेवाइकांचा, समाजाचा रोष ओढवून घेणं. म्हणजे समाजाच्या विरोधात जाऊन योग्य ते करता येतं, हे ताराला कुणी धडा म्हणून शिकवलं नाही. तिच्या घरात ते रोज दिसत होतं. मुलींना अक्षरओळखही मिळणं अवघड होतं, त्या काळात ही मुलगी 1914 साली बी.ए. झाली.

मूल घरात बघून शिकतं, असं आपण पालकसभेत सांगतो. ताराबाईंचं स्वतःचं बालपण हे त्याचं पहिलं उदाहरण.

संसार मोडला, काम सापडलं

1915 साली त्यांचं लग्न अमरावतीच्या मोडक वकिलांशी झालं. पण हा संसार टिकला नाही. 1921 च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. छोटी मुलगी प्रभा पदरात होती. त्यांनी राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या महाविद्यालयात प्राचार्यपद स्वीकारलं. पगार आणि मान दोन्ही होतं.

याच काळात भावनगरच्या गिजुभाई बधेकांचं काम त्यांच्या पाहण्यात आलं. गिजुभाई पेशाने वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं याचा शोध घेताना माँटेसरी शिक्षणपद्धतीकडे वळले आणि त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. मार नाही, धाक नाही, मुलं स्वतःच्या हातांनी काम करून शिकताहेत. 1923 साली ताराबाई प्राचार्यपद सोडून तिथे गेल्या. पुढची सुमारे नऊ वर्षं त्या गिजुभाईंसोबत होत्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली, तिच्या मराठी आवृत्तीचं संपादन ताराबाईंनी केलं. मग मुंबईत परतून 1936 साली दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथे बालशिक्षिकाही तयार होऊ लागल्या.

इथेच त्या थांबल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण शहरातल्या शिकलेल्या घरांची मुलं शिशुविहारात येत होती आणि खेड्यातलं, गरिबाघरचं मूल बाहेरच होतं. माँटेसरीची साधनं महाग. बालशिक्षण गरिबाच्या मुलापर्यंत पोहोचलं पाहिजे, असा गांधीजींचाही आग्रह होता.

बोर्डी : शाळा अंगणात गेली

1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. सोबत होत्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा, जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी आलो त्या वस्तीतली मुलं काही बालवाडीत येईनात.

मित्रहो, इथे आपण काय केलं असतं? निरोप पाठवला असता, पालकसभा घेतली असती आणि मग ते आपलं नेहमीचं वाक्य बोललो असतो. ताराबाई आणि अनुताई वस्तीत गेल्या. मुलांचे हातपाय धुणं, अंघोळ घालणं, केस विंचरणं इथपासून सुरुवात केली. आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात भरवायची असं ठरवलं. अंगणात भरते ती अंगणवाडी! महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं वापरली. मोजणं, रंग, आकार, लहानमोठं, सगळं त्यातून शिकवता आलं.

अंगणात शाळा भरली की आपोआप आणखी एक गोष्ट होते. आई दारातून बघते, आजी येऊन बसते. शिकवण मुलापुरती राहत नाही, घरातही शिरते.

कोसबाड : कुरणशाळा

पुढे 1957 च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेलं. इथे अडचण वेगळी होती. मोठी मुलं गुरं राखायला जात, नाहीतर धाकट्या भावंडांना सांभाळत. ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. मुलं गुरांमागे असतील तर शिक्षकही कुरणात जाणार, म्हणून कुरणशाळा. धाकटं भावंड कडेवर असेल तर त्यालाही घेऊन या, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र. त्याचं नाव विकासवाडी.

1962 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. अनुताईंनी कोसबाडचं काम पुढे अनेक वर्षं चालवलं. 2 ऑक्टोबर 1975 पासून सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

आणि आपला वर्ग

मी कर्जतजवळ भिसेगावात राहते. आमच्या कर्जत-खालापूर भागात ठाकर आणि कातकरी वाड्या पुष्कळ. दिवाळी झाली की बरीच कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलंही बरोबर जातात. पटावर नाव राहतं, वर्गात मूल नसतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. तो रडायचा, वर्ग विस्कटायचा. एक दिवस मी तिला म्हटलं, याला घरी ठेवून ये. ती गेली, ती पुढे आठवडाभर आलीच नाही. घरी त्याला ठेवणार कुणाजवळ, आईवडील दोघंही मजुरीला, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मीही मनात तेच वाक्य म्हटलं, घरचं वातावरण. खरं तर त्या आठवड्यात तिला अडवणारी मी होते.

शेवटी मी वाडीवर गेले आणि दोघांनाही घेऊन आले. वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी टाकली, मूठभर चिंचोके ठेवले. तो चिंचोक्यांची रांग लावत बसायचा आणि ताई अधूनमधून त्याला मोजून दाखवायची. दहापर्यंतची मोजणी तिची त्यातच पक्की झाली.

म्हणून आपल्यासाठी काही साध्या गोष्टी:

1. मूल सलग गैरहजर असेल तर नोंद करण्याआधी एकदा घरी जाऊन या. कारण बहुतेक वेळा तिथेच कळतं.
2. मुलाच्या घरातल्या, रानातल्या वस्तू वर्गात आणा. जे मूल पाटीवर चुकतं, ते बियांवर बरोबर मोजतं.
3. मुलाची घरची बोली वर्गात चुकीची ठरवू नका.
4. पालकहो, महागडी खेळणी नसली तरी चालेल. भाजी निवडताना, पाणी भरताना मुलाशी बोला. तुम्ही एकमेकांशी कसं बोलता, हेही ते ऐकत असतं.

घर आणि परिसर मुलाला घडवतात, हे खरंच आहे. पण ताराबाईंसाठी हे हात झटकायचं कारण नव्हतं. काम कुठून सुरू करायचं, याचा तो पत्ता होता. तुमच्याही वर्गात एखादी जागा रिकामी असेल. या आठवड्यात त्या अंगणात एकदा जाऊन या.