बाळशास्त्री जांभेकर आणि ‘दिग्दर्शन’

बाळशास्त्री जांभेकर हे नाव आपल्याला ‘दर्पण’मुळे परिचित आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघालेल्या या आद्य मराठी वृत्तपत्राच्या स्मरणार्थ आपण पत्रकार दिन पाळतो. त्यामानाने त्यांचे दुसरे नियतकालिक, ‘दिग्दर्शन’, उपेक्षित राहिले. एकोणिसाव्या शतकातील मराठी शास्त्रविषयक नियतकालिकांचा संग्रह करू पाहणाऱ्याला मात्र त्याचा विचार टाळता येत नाही.

कोकणातील पोंभुर्ले हे बाळशास्त्रींचे जन्मगाव. संस्कृत विद्येचा पाया घरीच घातला गेला. पुढे मुंबईत त्यांनी इंग्रजी व गणितात प्रावीण्य मिळवले. एल्फिन्स्टनमध्ये ते अध्यापक झाले. दादाभाई नौरोजी हे त्यांचे विद्यार्थी. कुलाबा वेधशाळेची जबाबदारीही त्यांनी सांभाळली.

१८४० मध्ये ‘दर्पण’ बंद पडले आणि त्याच वर्षी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू झाले. ‘दर्पणा’त मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. मराठी वाक्य दुर्बोध वाटले, तर इंग्रजी जाणणाऱ्यास बाजूचा आधार मिळे. ‘दिग्दर्शना’तील भूगोल, इतिहास, रसायन, पदार्थविज्ञान हे विषय मात्र मराठीलाच पेलायचे होते, आणि त्यांसाठी रुळलेली परिभाषा हाताशी नव्हती. केवळ मराठी जाणणाऱ्या वाचकालाही शास्त्र समजावे, ही या उपक्रमामागील भूमिका आपण ध्यानात घ्यावी.

ही ज्ञाननिष्ठा कागदापुरती नव्हती. १८४३ मध्ये मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या श्रीपाद शेषाद्री या मुलाला स्वधर्मात परत घेण्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. १८४५ मध्ये त्यांनी ‘ज्ञानेश्वरी’ची पहिली मुद्रित आवृत्ती सिद्ध केली. लगेच पुढच्या वर्षी, मे १८४६ मध्ये, ऐन तिशीत त्यांचे निधन झाले.

आपल्या परिसरातील जुन्या ग्रंथालयात त्या काळच्या एखाद्या मासिकाचा अंक आढळला, तर त्यातील शास्त्रीय माहिती आज कालबाह्य झाली आहे म्हणून तो बाजूला सारू नका. कोणता शब्द संस्कृतातून घडवला, कोणता बोलीतून उचलला आणि कोणता इंग्रजीतून तसाच ठेवला, याची नोंद करा. पुस्तकांत स्थिरावलेली परिभाषा आपल्याला आयती मिळते. ती घडत असतानाची धडपड या अंकांत दिसते. असा अंक जीर्ण होऊन नष्ट झाला, तर आपल्या भाषेच्या इतिहासातील एक पुरावाच हरवतो.