विश्लेषण : ३५ सामने, ३४ विजय, एक पराभव... ‘ऑल ब्लॅक्स’चे कर्णधार डेव्ह गॅलाहर कोण होते?

न्यूझीलंड आणि फ्रान्सचे रग्बी संघ २००० पासून ‘डेव्ह गॅलाहर करंडका’साठी खेळतात. गॅलाहर अवघे सहा कसोटी सामने खेळले. तरीही न्यूझीलंड रग्बीच्या इतिहासात त्यांचे स्थान अढळ आहे.

सुरुवात कशी झाली?

गॅलाहर यांचा जन्म १८७३ मध्ये आयर्लंडमधील रॅमल्टनचा. १८७८ मध्ये कुटुंब न्यूझीलंडमधील काटीकाटी वसाहतीत आले. शिक्षिका असलेली आई १८८७ मध्ये गेली आणि मुलाला शाळा सोडून कामाला लागावे लागले. पुढे ऑकलंडमध्ये मांस गोठवण्याच्या कारखान्यात नोकरी करताना ते पॉन्सन्बी क्लबकडून खेळू लागले. मध्ये बोअर युद्धातही गेले. १९०३ मध्ये न्यूझीलंडने सिडनीत ऑस्ट्रेलियाला २२-३ असे हरवले. देशाचा हा पहिला कसोटी सामना, तसाच गॅलाहर यांचाही.

१९०५चा दौरा का गाजला?

ब्रिटनला निघालेल्या जहाजावरच गॅलाहर यांच्या कर्णधारपदाबाबत कुजबुज सुरू झाली. त्यांनी पद सोडण्याची तयारी दाखवली. पण बहुसंख्य खेळाडू त्यांच्या बाजूने उभे राहिले. पहिल्याच सामन्यात संघाने डेव्हनचा ५५-४ असा धुव्वा उडवला. संपूर्ण दौऱ्यात ३५ पैकी ३४ सामने जिंकले. ९७६ गुण केले, दिले फक्त ५९. ‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव याच दौऱ्यात रूढ झाले.

त्यांच्यावर टीका का झाली?

स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आघाडीचे खेळाडू खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी रेटारेटी करतात. ब्रिटिश संघांचे आठ खेळाडू त्यात उतरत, न्यूझीलंडचे सातच. आठवे गॅलाहर ‘विंग फॉरवर्ड’ म्हणून बाहेर राहत, चेंडू आत टाकत आणि मागच्या सहकाऱ्याला आडोसा देत. ब्रिटिश वृत्तपत्रांना ही सरळ फसवणूक वाटली.

एकमेव पराभवात काय घडले?

१६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफमध्ये वेल्सने ३-० अशी बाजी मारली. पंच वारंवार दंड देत असल्याने स्क्रममध्ये चेंडूसाठी झगडूच नका, असे गॅलाहर यांनी सहकाऱ्यांना सांगितले. बॉब डीन्स यांनी रेषेपलीकडे चेंडू टेकवल्याचा दावा केला, पण पंचांनी तो फेटाळला. त्यावरचा वाद शतकभर चालला. कर्णधाराने मात्र वेल्सचा संघ सरस ठरल्याचे मान्य केले.

करंडकाला त्यांचे नाव का?

१ जानेवारी १९०६ रोजी पॅरिसमध्ये न्यूझीलंडने फ्रान्सला ३८-८ असे नमवले. फ्रान्सचा तो पहिला कसोटी सामना, तर गॅलाहर यांचा शेवटचा. नंतर ते राष्ट्रीय संघाचे निवडकर्ते झाले. १९१६ मध्ये वयामुळे सक्तीच्या भरतीतून सूट असतानाही ते सैन्यात दाखल झाले. बोलावण्याची वाट पाहत असतानाच धाकटा भाऊ डग्लस आघाडीवर मारला गेल्याची बातमी आली.

४ ऑक्टोबर १९१७ रोजी बेल्जियममधील ब्रूडसाइंडच्या लढाईत गॅलाहर जखमी झाले आणि त्याच दिवशी मरण पावले. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. त्यांनी कागदोपत्री वय कमी लावले होते. म्हणून पोपरिंगेजवळच्या त्यांच्या कबरीवर वय ४१ कोरलेले आहे.