गाडगेबाबांची भाकरी आणि आपले आजी-आजोबा



आपल्या पांढरकवड्यासह यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. स्वच्छतेचे संत म्हणून आपण मुलांना त्यांची ओळख करून देतो. पण बाबांच्या एका हातात झाडू होता, तर दुसऱ्या हातात मातीचे गाडगे होते. ते गाडगे अन्नाचे होते. आज त्याविषयी थोडे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई त्यांना घेऊन मामाकडे दापुऱ्याला आली. तिथे डेबूने गुरे राखली, शेती केली. पुढे मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून त्यांनी गोडधोड जेवण वाढले.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, मग भाकरी घ्यायची. फुकटचे खायचे नाही! कीर्तनातून जमलेला पैसा धर्मशाळा आणि अन्नदानात गेला. पंढरपूरला त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली. आंधळे, पांगळे, कुष्ठरोगी यांना जेवू घातले. स्वतः मात्र गाडग्यातला कोरडा तुकडा खाल्ला. २० डिसेंबर १९५६ ला, वयाच्या ८० व्या वर्षी, वलगावजवळ त्यांनी देह ठेवला.

आता वृद्धाश्रमातल्या, किंवा आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे ताट आठवा. ताट भरलेले असते, पण खाल्ले जाते का? दात गेलेले, जिभेची चव कमी झालेली, तहान लवकर कळत नाही. वाढले म्हणजे पोट भरले, असे होत नाही बघा.

अशा वेळी ओळखीची चव कामी येते. ताकातल्या ज्वारीच्या कण्या, दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ वरणभात. हे पाहिले की हात आपोआप ताटाकडे जातो. पण नुसत्या मऊ धान्यावर भागत नाही. उतारवयात वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम प्रथिने हवीत, नाहीतर अंगातली ताकद जाते. म्हणून वरण घट्ट ठेवावे, दूध-दही द्यावे, चालत असेल त्यांना अंडे द्यावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पाणीही मागायची वाट न पाहता थोडे थोडे द्यावे.

बाबांनी भुकेल्याला अन्न दिले, पण त्याला लाचार केले नाही. म्हाताऱ्या माणसाला काय खावेसे वाटते हे विचारणे, हाही त्याचा मानच आहे.

यंदा २० डिसेंबरला मुलांना एक स्वाध्याय द्या. घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना त्यांचा आवडता पदार्थ विचारायचा, तो कसा करतात ते वहीत लिहायचे, आणि घरच्यांच्या मदतीने एकदा करून त्यांच्याजवळ बसून खाऊ घालायचा. झाडू तर आपण दरवर्षी हातात घेतोच, यंदा गाडगेही घेऊ या.