मुंग्यांच्या मागे लागलेला फॉरेस्ट ऑफिसर

जूनमध्ये पहिला दणक्याचा पाऊस झाला की संध्याकाळी लोणारच्या गल्लीबोळांत दिव्यांखाली पंखवाल्या मुंग्या दिसायला लागतात. त्यातलीच एखादी मोठी, जाडजूड पोटाची मुंगी पंख टाकून भिंतीच्या कडेने पळत असते. ती भावी राणी. हल्ली काही जण तिला टेस्ट ट्यूबमध्ये ठेवून घरी मुंग्यांची कॉलनी वाढवतात. यंदा तुमचाही तसा विचार असेल, तर आधी एका माणसाची ओळख करून घ्या. रॉबर्ट चार्ल्स रॉटन.

रॉटन यांचा जन्म १८४९ चा. डिसेंबर १८७१ मध्ये ते वनखात्यात रुजू झाले आणि मुंबई इलाख्यातली जंगलं त्यांच्या वाट्याला आली. नोकरी झाडांची होती, पण नाद लागला मुंग्यांचा! तो काळही तसाच होता. इंग्लंडमध्ये जॉन लबक काचेच्या दोन तावदानांमध्ये माती भरून मुंग्या पाळत होते. त्यांच्याकडची एक राणी जवळपास १५ वर्षं जगली. इकडे मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली आणि रॉटन तिचे सदस्य झाले.

त्यांची पद्धत साधी होती. पुणे, कानडा, जिथे जातील तिथल्या मुंग्या गोळा करायच्या, कुठे सापडल्या ते लिहायचं आणि नमुने परदेशी तज्ज्ञांकडे पाठवायचे. त्यातले एक तज्ज्ञ म्हणजे ऑग्युस्त फोरेल. हे स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या मनोरुग्णालयाचे डॉक्टर, पण मुंग्यांमधले जगातले मोठे जाणकार. रॉटन यांनी पाठवलेल्या कित्येक मुंग्या विज्ञानाला नव्या निघाल्या. १८९२ मध्ये रॉटन यांनी सोसायटीच्या जर्नलमध्ये आपल्याकडच्या मुंग्यांवर लेख लिहिले. त्यांच्या नोंदी पुढे चार्ल्स बिंगहॅम यांच्या १९०३ च्या ग्रंथातही वापरल्या गेल्या.

आता गंमत ऐका. पुण्यात त्यांना एक अगदी बारीक मुंगी सापडली होती. तिच्यात पंख नसलेले नरही असतात. १८९० मध्ये फोरेल यांनी तिला रॉटन यांचंच नाव दिलं. आज तिला कार्डिओकोंडिला रॉटनी म्हणतात. ही मुंगी माणसाच्या सामानासोबत फिरत पार अमेरिकेतल्या फ्लोरिडापर्यंत पोचलीय. म्हणजे आपली मुंगी तिकडे पाहुणी!

उलटा प्रवासही झालाय. चावली की आग आग होते ती लाल मुंगी, सोलेनोप्सिस जेमिनाटा, मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजं मेक्सिकोच्या अकापुल्कोहून फिलिपिन्सच्या मनिलाला जायची. त्यांच्यातल्या मातीतून ती आशियात आली, असं जनुकीय अभ्यासातून दिसतं. १८५१ मध्ये टी. सी. जर्डन यांनी दक्षिण भारतातल्या मुंग्यांची यादी केली, तेव्हा ती इथे आलेली होती. अशी मुंगी देशी मुंग्यांना हुसकावते. म्हणून ती पाळायच्या फंदात पडू नका.

मग लोणारमध्ये पाळायची कुठली? इथला उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. जमिनीतल्या मुंग्या तेव्हा खोल ओलाव्याकडे सरकतात. तुमच्या टेस्ट ट्यूबमध्ये खोल जायला जागाच नसते. त्यामुळे इथलं ऊन सोसणारी मुंगी घ्यायची. आपला नेहमीचा काळा मुंगळा सुरुवातीला बरा. नळीत पाणी, त्यावर कापसाचा बोळा आणि अंधार, एवढं राणीला पुरतं. पहिली पिल्लं मोठी होईपर्यंत ती खातही नाही. पानं शिवून झाडावर घर करणारी मुंगी मात्र बाटलीत ठेवू नका. तिला हिरवं झाड लागतं. आणि ऑनलाइन मिळणाऱ्या परदेशी राणीच्या तर वाटेलाच जाऊ नका. एक कॉलनी सुटली की परत गोळा करता येत नाही.

लोणारकरांना हे वेगळं सांगायला नको. विवराच्या उतारावर पसरलेली विलायती बाभूळ काढायला किती घाम गाळावा लागतो, ते आपण बघतोच. तीही बाहेरूनच आली होती. सरोवराचा परिसर २००० पासून अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळ. तिथून मुंगी आणायची नाही आणि पाळून कंटाळा आला म्हणून तिथे सोडायचीही नाही. राणी आपल्या अंगणातलीच घ्या.

रॉटन १९०४ मध्ये निवृत्त झाले, पण थांबले नाहीत. लंडनच्या संग्रहालयात बसून ते भारतातल्या सस्तन प्राण्यांवर काम करू लागले. १९११ मध्ये सोसायटीने सुरू केलेल्या सस्तन प्राण्यांच्या मोठ्या सर्वेक्षणामागे तेही होते. खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या गुहेत सापडलेल्या वटवाघळाला १९१३ मध्ये त्यांचं नाव मिळालं. १९२१ मध्ये ते गेले.

लोणार तेव्हा वऱ्हाडात, त्यांच्या इलाख्याच्या बाहेर होतं. पण त्यांची सवय इथेही कामाची आहे. मुंगी कुठली, हे त्यांनी लिहून ठेवलं म्हणून आज आपण छातीठोकपणे म्हणतो की ती पुण्याची. यंदा राणी सापडली, तर ट्यूबवर चिठ्ठी चिकटवा: तारीख, जागा, त्या दिवशी पाऊस होता की नाही. दहा वर्षांनी लोणारमध्ये कुठली मुंगी घरची आणि कुठली नंतर घुसलेली, हे कुणी विचारलं, तर उत्तर तुमच्या वहीत असेल.