सोपाऱ्याचा स्तूप उघडणारे पंडित भगवानलाल इंद्रजी



सम्राट अशोकाने महिंद आणि संघमित्रा या आपल्या मुलांना धम्मकार्यासाठी सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत पाठविले, हे आपल्या घरातल्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. हा वृत्तांत लंकेतल्या भिक्खूंनी 'महावंस' या पाली ग्रंथात लिहून ठेवला. त्याच ग्रंथात महाधम्मरक्खित थेर महारट्ठात गेले अन् योनक धम्मरक्खित थेर अपरांतात, म्हणजे कोकणाकडे गेले, असेही सांगितले आहे. सिंहलांचा पहिला राजा विजय लंकेत उतरण्याआधी सुप्पारक बंदराला लागला होता, हीदेखील त्यातलीच हकिकत. हे सुप्पारक म्हणजे मुंबईजवळचे नालासोपारा.

पण नुसते पोथीत लिहिले म्हणून जग मानत नाही. जग जमिनीतला पुरावा मागते. सोपाऱ्याचा तो पुरावा ज्यांनी काढला, त्या पंडित भगवानलाल इंद्रजींची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

भगवानलाल यांचा जन्म १८३९ साली जुनागढ येथे झाला. गावाजवळच गिरनारचा शिलालेख. लोक तो रोज बघत अन् पुढे जात. या पोराला मात्र ती अक्षरे स्वस्थ बसू देईनात. जुनी लिपी त्यांनी स्वतःच्या मेहनतीने शिकून घेतली. पुढे मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना आपल्याकडे बोलावले. मग अजिंठ्यापासून नेपाळपर्यंत लेण्या-डोंगरांत हिंडून त्यांनी लेखांचे ठसे घेतले. इंग्रजी बेताचेच, म्हणून ते गुजरातीत लिहीत आणि दुसरे त्याचे इंग्रजी करीत. कॉलेजची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. तरी हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाने डॉक्टरेट दिली.

१८८२ साली त्यांनी सोपाऱ्याला 'बुरूड राजाचा कोट' नावाचे टेकाड उकरले. लोक त्याला कोट म्हणत, पण निघाला तो बुद्धांचा स्तूप. आत दगडी करंडा. करंड्यात तांब्याची डबी आणि तिच्याभोवती आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या डबीत चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची डबी. तिच्यात मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे होते. ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे पंडितजींचे मत होते. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही सापडले. हा सर्व ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने जपला.

त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना मिळाला. पुढे १९५६ साली त्याच भागात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. दगडावर थेरांचे नाव नाही, हे आम्हास ठाऊक आहे. पण अशोकाचा शब्द कोकणच्या बंदरापर्यंत पोहोचला होता, एवढे त्या दगडाने पक्के केले. लंकेच्या भिक्खूंनी जपलेल्या आठवणीला असे महाराष्ट्राच्या मातीतून बळ मिळाले.

१८८८ साली मुंबईत पंडितजींचे निधन झाले. त्यांनी जमविलेली नाणी ब्रिटिश म्युझियमला गेली. वय अवघे ४८ वर्षांचे.

आम्ही गिरणीत राबणारी माणसे. शिक्षण अर्धवट सुटले म्हणून अभ्यास आपल्यासाठी नाही, असे आपल्यापैकी कित्येक जण म्हणतात. त्यांनी हे चरित्र ध्यानात ठेवावे. सोपारा दूर आहे, पण शेजारच्या भंडारा जिल्ह्यातले पवनी तर जवळ आहे. तेथेही १९६९-७० च्या उत्खननात स्तूप निघाला. लेकरांना एकदा तरी तिकडे न्या. शेत नांगरताना, विहीर खणताना मोठ्या जुन्या विटा किंवा अक्षरांचा दगड निघाला, तर पायरीला लावू नका, फोडू नका. तहसीलला कळवा, जाणत्या माणसाला दाखवा. एका टेकाडाला लोक शेकडो वर्षे कोट समजत राहिले अन् आत बुद्ध होते, एवढे विसरू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!